नऊ वाजताची धून

(सोसायटीच्या कोजागरीच्या कार्यक्रमात केलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिलं आहे. बोलताना जे विसरलो होतो ते लिहिताना घातलं, आणि जे उगीच बोललो होतो त्यातलं थोडं गाळलं.)



मी काही वक्ता नाही. चौतीस वर्षं बँकेत काढली, तिथं बोलण्यापेक्षा मान खाली घालून सह्या तपासायचं काम जास्त. पण सचिवांनी गळ घातली की काका, तुम्ही पंधरा मिनिटं काहीतरी बोला. विषय कोणता, विचारलं तर म्हणाले, तुमच्या घरातून रोज रात्री नऊ वाजता जे वाजतं, त्याच्यावरच बोला.

खरं आहे. आमच्या ओळीतल्या प्रत्येक घराला ते ठाऊक आहे. रात्री नऊ वाजले की आमच्या स्वयंपाकघरातून एका मालिकेची शेवटची धून वाजते. पाच-सहा सेकंदांची. मालिका संपल्यावर ती बनवणाऱ्या कंपनीची पाटी येते ना, तिच्याबरोबर वाजते ती. समोरच्या वहिनींनी मागं एकदा विचारलंसुद्धा, "काका, ती मालिका तर कधीच बंद झाली. तुमच्याकडं अजून कशी लागते?" मी हसून वेळ मारून नेली. आज सांगतो, पण जरा लांबून यावं लागेल. सत्तरी ओलांडलेल्या माणसाकडून सरळ उत्तराची अपेक्षा कुणी करू नये.

सुरुवात माळेगावच्या यात्रेपासून करतो. आपल्यातल्या बहुतेकांचं बालपण त्या यात्रेत गेलंय. तेव्हा लोहा कंधार तालुक्यात होतं. खंडोबाची पालखी, घोडे, गाढवं, उंट, तमाशाचे फड, आणि एका बाजूला तंबू टॉकीज. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. बापूंनी मला 'संत तुकाराम' दाखवायला नेलं. हा सिनेमा १९३६ चा, म्हणजे आमच्यापर्यंत येईस्तोवर त्याचं वय माझ्यापेक्षा जास्त झालेलं. फिल्म तुटायची, जोडायची, पुन्हा तुटायची. पण सुरुवातीलाच पडद्यावर एक बाई तुतारी फुंकताना दिसली आणि तंबूतला सगळा कालवा थांबला. शेंगा फोडणारे हात थांबले. ती 'प्रभात'ची तुतारी.

प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी असे पाच भागीदार. तेव्हा बोलपट आलाच नव्हता, 'आलम आरा' १९३१ चा. 'प्रभात'चा पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ चा. पुढं कंपनी पुण्याला गेली, शांताराम १९४२ साली बाहेर पडले आणि त्यांनी 'राजकमल' काढली. ते नाव त्यांच्या आईवडिलांच्या नावांवरून, राजाराम आणि कमल. 'प्रभात' बंद पडली, त्या जागेवर आज सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आहे. कंपनी गेली, पण तुतारी राहिली. आजही जुना सिनेमा लागला की ती बाई पहिल्यासारखीच तुतारी फुंकते.

असे शिक्के तेव्हा प्रत्येकाचे होते. राज कपूरचा तर सगळ्यांना माहीत आहे. एका हातात व्हायोलिन आणि दुसऱ्या हातावर रेललेली नर्गिस. तो 'बरसात' सिनेमातला, १९४९ चा, प्रसंग. म्हणजे कंपनीनं आपल्याच सिनेमातलं चित्र उचलून सही म्हणून वापरलं. त्याच्याआधी पृथ्वीराज कपूर पिंडीची पूजा करताना दिसायचे. मेहबूब खान यांचा शिक्का विळा-हातोड्याचा, आणि वर उर्दू शेर असा की शेवटी होतं तेच जे खुदाला मंजूर असतं. एकाच पाटीवर कम्युनिस्टही आणि देवही! आम्ही पोरं त्यावर फार हसायचो. मद्रासच्या जेमिनीवाल्यांची दोन जुळी पोरं बिगूल वाजवायची. बी. आर. चोप्रांच्या पाटीवर लॅटिनमध्ये लिहिलेलं असायचं. त्याचा अर्थ मला कॉलेजात गेल्यावर कळला: कला दीर्घ, आयुष्य छोटं. महाभारत बनवणाऱ्या माणसाच्या पाटीवर लॅटिन का, हे मला आजही उमगलेलं नाही. असो.

आता एक फरक लक्षात घ्या. सिनेमाची पाटी पहिल्यांदा येते, नांदीसारखी, नमनासारखी. टीव्हीवर मालिका बनवणाऱ्या कंपनीची पाटी बहुधा शेवटी येते. हा शेवटी सही करण्याचा प्रकार परदेशातून आला असं वाटेल, पण आपल्याकडं तो सातशे वर्षांचा आहे. अभंगाच्या शेवटी काय असतं? नाममुद्रा. तुका म्हणे. एका जनार्दनी. आणि आपल्या शेजारच्या गंगाखेडची जनाबाई घ्या. ती एकच बाई, पण तिची सही एकसारखी नाही. कुठं जनी म्हणे, कुठं दासी जनी, कुठं नामयाची जनी. ज्ञानदेवांचंही तसंच, कधी स्वतःचं नाव तर कधी बाप रखुमादेवीवर. भजनी मंडळातल्या माणसाला ते शेवटचं चरण आलं की बरोबर कळतं, आता अभंग संपला, आता टाळ जोरात. ऐकणाऱ्याला एकाच वेळी दोन गोष्टी कळतात: कुणाचं आहे, आणि संपलं आहे.

मालिकेच्या शेवटच्या पाटीचंही काम एवढंच. कुणाचं, आणि संपलं.

आपल्याकडं टीव्ही उशिरा आला. त्याआधी रेडिओ, आणि रेडिओची सकाळची ती आकाशवाणीची धून. तिची गंमत मला फार उशिरा कळली. ती शिवरंजनी रागातली धून बांधणारा माणूस होता वॉल्टर कॉफमन. युरोपातला ज्यू, हिटलरच्या भीतीनं १९३४ साली मुंबईला आलेला. त्या निर्वासितानं बांधलेल्या सुरावर माझी आई पन्नास वर्षं चूल पेटवत होती. आमच्या घरात घड्याळ नव्हतं, ते होतं. 'सिग्नेचर ट्यून' म्हणतात ना, म्हणजे सहीची धून. शब्द बघा कसा अगदी आमच्या बँकेतला आहे.

दूरदर्शनचं ते फिरत फिरत डोळा होणारं चिन्ह अहमदाबादच्या एनआयडीत शिकणाऱ्या देवाशिष भट्टाचार्य यांनी काढलं. धून पंडित रविशंकर यांची, उस्ताद अली अहमद हुसेन खान यांच्यासोबत केलेली. १९७६ च्या एप्रिलमध्ये दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं, तेव्हा ती पहिल्यांदा लागली. २०१७ साली नवं चिन्ह सुचवा म्हणून जाहिरात निघाली, तरी जुनंच राहिलं. मला तर बरं वाटलं.

१९८७ साली मी एका खेड्यातल्या शाखेत होतो. गावात टीव्ही दोन. एक सरपंचांचा आणि एक आमच्या क्वार्टरमध्ये, ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरचा. २५ जानेवारीला रामानंद सागर यांचं 'रामायण' सुरू झालं आणि रविवारी सकाळी माझं घर माझं राहिलं नाही. बाहेर चपलांचा ढीग, पोरं खिडकीत, एकजण गच्चीवर अँटेनाचा बांबू धरून, आणि खालून सगळे ओरडतायत, "आलं, आलं! गेलं! जरासं नांदेडकडं फिरव!" टीव्हीला हार घालणं, उदबत्ती लावणं हे सगळीकडं झालं तसं आमच्याकडंही झालं. पण मला आठवते ती शेजारची एक म्हातारी. भाग संपला की लोक उठायचे, चपला शोधायचे. म्हातारी उठायची नाही. नावं सरकत असायची, संगीत अमुक, वेशभूषा तमुक, शेवटी कंपनीची पाटी. ती तिथंपर्यंत हात जोडून बसायची. वाचता तर येत नव्हतं. मी एकदा विचारलं, "मावशी, संपलं की आता." ती म्हणाली, "संपलं कुठं बाबा? हे समदे रामाची सेवा केलेले लोक हायत का न्हाई? त्यांची नावं चाललीत आन् मी उठून जाऊ?"

मी पदवीधर माणूस. मला हे सुचलं नव्हतं.

आता थोडं माझ्या धंद्याचं. सही म्हणजे काय, हे मला बँकेनं शिकवलं आणि एकदा चांगलंच शिकवलं. खातं उघडताना माणूस नमुना सहीच्या कार्डावर सही करतो. पुढं विड्रॉवल आलं की पासिंग ऑफिसरनं कार्ड काढायचं आणि जुळवायचं. नवा माणूस असतो तो अक्षर अक्षर जुळवत बसतो. जुना माणूस तसं करत नाही. कारण खऱ्या माणसाच्या दोन सह्या कधीच तंतोतंत सारख्या नसतात. एक घाईत केलेली, एक निवांत, एक पेन नीट चालत नसताना. ज्या दोन सह्या अगदी छापल्यासारख्या सारख्या दिसतात, तिथंच संशय घ्यायचा, की बाबा, हे वरून गिरवलेलं तर नाही? बघायची असते ती चाल. पेन कुठं उचललं, कुठं दाबलं, शेवटची रेघ कशी मारली.

हे मला सगळं ठाऊक होतं, तरी चुकलो. एक निवृत्त गुरुजी पेन्शन काढायला आले. मधे त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. सही केली, रेघ सगळी थरथरलेली. कार्डावरची सही ताठ, मास्तरी वळणाची. मी म्हणालो, "गुरुजी, सही जुळत नाही." ते म्हणाले, "साहेब, हात माझाच आहे हो." मी नियम दाखवला. अंगठा घेतला, दोन साक्षीदार घेतले. रांगेत त्यांचे दोन जुने विद्यार्थी उभे होते, तेच साक्षीदार झाले. ज्या माणसानं अर्ध्या गावाला सही करायला शिकवलं, त्याचा अंगठा मी त्या अर्ध्या गावासमोर घेतला. संध्याकाळी स्लिपा बांधताना ती सही पुन्हा दिसली. तिच्याखाली दोन टिंबं होती आणि एक उलटी वेलांटी, कार्डावर होती तशीच. पेन उचललेलं त्याच जागी. चाल तीच होती, मी रेघ बघत बसलो होतो. पुढच्या महिन्यात मी स्वतः उठून म्हणालो, गुरुजी, सहीच करा. ते म्हणाले, "राहू द्या साहेब. अंगठा बदलत नाही." शेवटपर्यंत अंगठाच दिला.

ही गोष्ट मी आजवर घरात फक्त हिला सांगितली होती.

विषयावर येतो. या पाट्या आणि धुना बदलतात, आणि त्यांचा बदल बघणं हा मोठा नाद आहे, हे मला नातवामुळं कळलं. तो पुण्याला असतो. दिवाळीत आला होता, तेव्हा मोबाइलवर त्यानं मला अमेरिकेतली एक मांजर दाखवली. तिकडं मेरी टायलर मूर म्हणून नटी होती, तिची एमटीएम नावाची टीव्ही कंपनी होती. एमजीएमच्या सिनेमाच्या सुरुवातीला सिंह डरकाळी फोडतो, त्याची टिंगल म्हणून या बाईंनी मालिकेच्या शेवटी मांजरीचं पिल्लू ठेवलं. म्याव करतं आणि पाटी संपते. खरी मजा पुढं आहे. पोलिसांची मालिका असली की पिल्लाच्या डोक्यावर पोलिसाची टोपी. गुप्तहेराची मालिका असली की शेरलॉक होम्सची टोपी आणि पाइप. इस्पितळाची 'सेंट एल्सव्हेअर' नावाची मालिका होती, तिथं त्या मांजरीला ऑपरेशनचे कपडे आणि तोंडाला मास्क. मांजर तीच, म्याव तेच, वेश वेगळा. आपल्याकडची जनीच की, कधी दासी जनी, कधी नामयाची जनी. आणि १९८८ साली ती इस्पितळाची मालिका संपली, तेव्हा शेवटच्या भागाच्या शेवटी मांजर आडवी पडलेली, यंत्राला जोडलेली, आणि हृदयाची रेघ सरळ होत जाते. म्याव नाहीच.

नातू हसत होता. मी हसलो नाही. मला वाटलं, ही सही करणाऱ्यांना कळलं होतं की शेवटची सही कशी करायची असते.

आपल्याकडं एवढा थाट नव्हता, पण खासगी वाहिन्या आल्या आणि आपल्यालाही घरोघरी कंपन्यांची नावं पाठ झाली. 'अल्फा मराठी' १५ ऑगस्ट १९९९ ला सुरू झाली, तीच पुढं 'झी मराठी' झाली. ई टीव्ही मराठी त्यानंतर वर्षभरानं आली, रामोजी फिल्म सिटीतून, आणि तिचं पुढं 'कलर्स मराठी' झालं. आपली सोसायटी नोंदली गेली ती त्याच सुमारास. तुम्हाला आठवत असेल, अर्धी घरं बिनप्लास्टरची होती, पाण्याचा टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, पण केबलची वायर मात्र आधी आली! 'आभाळमाया', 'अवंतिका', 'वादळवाट' या मालिका आपण याच ओळींमध्ये पाहिल्या. 'अवंतिका' स्मिता तळवलकरांच्या 'अस्मिता चित्र'ची. पूर्वी त्या दूरदर्शनवर बातम्या सांगायच्या, म्हणून आमच्या पिढीला त्यांच्या कंपनीचं नाव आलं की ओळखीचं माणूस भेटल्यासारखं व्हायचं. २०१४ मध्ये महेश कोठारे यांच्या 'कोठारे व्हिजन'ची 'जय मल्हार' आली, तेव्हा तर आपल्या माळेगावच्या खंडोबामुळं ती घरचीच मालिका झाली.

पण याच काळात शेवटची पाटी आकसत गेली. पूर्वी नावं सावकाश वर सरकायची. आता भाग संपतो न संपतो तोच पडद्याचा कोपरा कापून नावं तिथं कोंबतात आणि उरलेल्या जागेत पुढच्या मालिकेतल्या सासूचा आरडाओरडा. नावं इतकी वेगानं पळतात की चष्मा लावेपर्यंत गेली. हा दोष केवळ आपला नाही. अमेरिकेत एनबीसी वाहिनीनं १९९४ पासूनच पडदा दुभागून नावं बाजूला सारायला सुरुवात केली होती. कारण साधं आहे: भाग संपला की माणूस रिमोट उचलतो, त्याला उचलू द्यायचा नाही. आणि आता मोबाइलवर, नव्या टीव्हीवर तर शेवट दाखवतच नाहीत. पाच सेकंद उलटी मोजणी, की पुढचा भाग चालू. म्हणजे चेक आहे, रक्कम आहे, पण सहीची जागा फाडून टाकलेली. माझ्या काळात असा चेक मी पास केला नसता.

गंमत म्हणजे दुसऱ्या बाजूनं कायदा या चार सुरांना मान देतोय. आपल्या देशात २००८ साली पहिल्यांदा एका आवाजाची ट्रेडमार्क म्हणून नोंद झाली, याहू कंपनीच्या आरोळीची. भारतीय संस्थांमध्ये पहिला मान एका बँकेला, आयसीआयसीआयच्या त्या धुनेला. २०१७ च्या नियमांप्रमाणे ध्वनीची नोंद करायची तर एमपीथ्री स्वरूपात, जास्तीत जास्त तीस सेकंद, आणि सोबत स्वरलिपी द्यावी लागते. म्हणजे हे आमचं नमुना सहीचं कार्डच झालं, फक्त आवाजाचं. मी नोकरीत असतो तर अशी कार्डं सांभाळायला मला फार आवडलं असतं.

आता वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर.

आमच्या मंडळींना सात-आठ वर्षांपूर्वी काचबिंदू निघाला. उशिरा कळला. एका डोळ्यानं जवळजवळ नाहीच, दुसऱ्यानं सरळ समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं नाही. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायची, त्यासाठी रोज रात्री ठरलेल्या वेळी थेंब. तिला भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही. आणि मी कट्ट्यावर असतो, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहेच. पण तिचं काही अडलं नाही. टीव्हीसमोर बसून ती मालिका ऐकायची. साडेसातची मालिका संपल्याची धून वाजली की कुकर. आठची संपली की पोळ्या. साडेआठची एक मालिका होती, तिची शेवटची धून वाजली म्हणजे नऊ. मग थेंब. एकदाही चुकली नाही. मला म्हणायची, "तुमचं घड्याळ मागं पडेल, माझं नाही."

मग एके दिवशी त्या साडेआठच्या मालिकेची धून बदलली. मालिका तीच, माणसं तीच. कंपनीनं पाटी नवी केली असेल, मालक बदलला असेल, मला माहीत नाही. जुन्या पाच सुरांच्या जागी एक ढम्म असा आवाज आला आणि लगेच जाहिरात. हिला वाटलं, मधली जाहिरात आहे, भाग अजून चालू आहे. कधी साडेनऊ, कधी दहा, कधी थेंब राहूनच गेले. मला तीन महिने काही पत्ता नाही. ती बोलली नाही, कारण आपल्याला वेळ कळत नाही हे सांगायचं तिच्या जिवावर आलं. नांदेडला तपासणीला गेलो तर डोळ्याचा दाब वाढलेला. डॉक्टर म्हणाले, "आजी, थेंब चुकतात का?" ती गप्प. गाडीत बसल्यावर म्हणाली, "अहो, ती मालिका संपल्याचं आता कळत नाही हो."

मी खिडकीबाहेर बघत बसलो. लोहा येईस्तोवर मला ते गुरुजी दिसत होते.

त्या तीन महिन्यांत जेवढं गेलं तेवढं गेलं. नातवाला फोन केला. त्यानं मालिकेचे जुने भाग धुंडाळले, जुनी धून कापून काढली आणि हिच्या साध्या फोनमध्ये नऊच्या गजराला लावून दिली. मी त्याला म्हणालो, अरे, साधी घंटा लाव ना. तो लावणार होता. हीच म्हणाली, "घंटा कशाला? घंटा तर शाळेची. मला तीच लाव, ती वाजली की हात आपोआप बाटलीकडं जातो." म्हणून आमच्याकडं बंद पडलेली मालिका रोज रात्री नऊ वाजता संपते. गेल्या दोन तपासण्यांना दाब ठीक आहे. वहिनी, उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा.

एक शेवटचं काम आहे आणि ते कमिटीकडं आहे. आपली तरुण मंडळी पंचवीस वर्षांची चित्रफीत करतायत. परवा मला कच्ची दाखवली. फार सुंदर झाली आहे, ड्रोननं वरून घेतलेल्या आपल्या गच्च्या बघून मला तर माझीच गच्ची ओळखू आली नाही. फक्त शेवट बघा. अध्यक्ष, सचिव, प्रमुख पाहुणे यांची नावं मोठी आणि सावकाश. मग बाकीची नावं बारीक अक्षरात, पंख्याच्या वेगानं. त्यात पायाभरणीचे मिस्त्री आहेत, पहिली पाच वर्षं टँकर आणणारे दोघे भाऊ आहेत, रात्री काठी आपटत फिरणारे आपले पहिले वॉचमन आहेत, आणि जे प्लॉटधारक आता आपल्यात नाहीत ते सगळे आहेत. मी मोबाइलवर मोजलं, चौऱ्याऐंशी नावं आणि अकरा सेकंद.

तेवढी जरा हळू करा. हिच्यासारख्यांसाठी कुणीतरी ती वाचूनही दाखवा, आवाजात. आणि शेवटी धून हवी असेल तर पहिल्या वॉचमनच्या काठीचे तीन ठोके घ्या, जुन्या लोकांना लगेच कळेल.

दूध आटलेलं दिसतंय. मी थांबतो. नऊला पाच कमी आहेत, मला घरी जायला हवं.